जोडी मोडली त्या वर्षी

भिवा परबाची बकुळा चाकांचे बूट घालून नाचते, हे लालबागच्या त्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिला नाचताना पाहिलं मात्र कुणीच नव्हतं.

गिरगावात, चौपाटीकडे जाणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी सोराबजी शेठची रिंक होती. वर पत्र्याचं उंच छप्पर, खाली सागवानी फळ्यांची गुळगुळीत जमीन, कडेनं लाकडी कठडा आणि कोपऱ्यात ग्रामोफोन. पारशांची, ख्रिश्चनांची मुलं संध्याकाळी तिथं स्केटिंगला यायची. भिवा त्या जमिनीची देखभाल करायचा. सकाळी झाडलोट झाली की फळ्यांवर शंखजिऱ्याची पूड मारायची, म्हणजे चाकं अडकत नाहीत आणि घसरतही नाहीत. बायको गेल्यावर घरी पोरीला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून तो बकुळाला बरोबर न्यायचा. कुणाच्या तरी टाकून दिलेल्या बुटांत कागदाचे बोळे कोंबून ती पोर त्या मोकळ्या जमिनीवर फिरायला शिकली. एकदा शेठनं दारात उभं राहून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिच्या मापाचे बूट आणून ठेवले.

माधव तिला तिथंच भेटला. मुगभाटातल्या एका डॉक्टरांचा मुलगा, कॉलेजात जाणारा, उंच आणि अबोल. त्याला जोडीदारीण हवी होती आणि शेठनं बकुळाला पुढं केलं. ती तेव्हा चौदाची होती. तो तिला 'अगं बकुळ' म्हणायचा आणि ती त्याला 'माधवराव'. पुढं ती शिकली, परळच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण झाली, भिवा वारला, माधव बँकेत लागला, तरी 'माधवराव' आणि 'तुम्ही' काही सुटलं नाही.

दर वर्षी जानेवारीच्या शेवटी रिंकवर स्पर्धा व्हायची. काही एकेकटे उतरायचे, काही जोडीनं. जोडीचा कप बरीच वर्षं या दोघांकडेच होता. त्यांची एक फिरकी बघायला लोक मुद्दाम यायचे. हात हातात, पाय जवळजवळ, अंग मागं टाकायचं आणि भिंगरीसारखं फिरायचं. बकुळाच्या वहिनीला, सुंदराला, तिनं एकदा समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे फुगडीच की गो!" फुगडीच होती ती, फक्त चाकांवरची. एकानं हात सोडला तर दोघंही कठड्यावर आपटणार. इतक्या वर्षांत माधवनं हात सोडला नव्हता. त्याचा श्वास जड लागला की आज याला ताप येणार, हे तिला त्याच्याआधी कळायचं. त्याच्या घरी किती माणसं आहेत, हे मात्र तिला नीटसं माहीत नव्हतं. ती कधी मुगभाटात गेली नाही आणि तो कधी लालबागेत आला नाही.

छप्पन साल उजाडताना माधव म्हणाला, "यंदाची शेवटची, बकुळ. घरी लग्नाचं चाललंय. बँकेतलं कामही वाढलंय. यंदा मनासारखं करू आणि हसत खाली उतरू."

बकुळानं मान हलवली. तिलाही सव्विसावं लागलं होतं. दोन-तीन ठिकाणांहून विचारणा झाली होती, पण 'पोर झगा घालून नाचते' असं कुणीतरी कानात सांगायचं आणि मंडळी परत फिरायची. तिला त्याचं फार दुःखही होत नव्हतं. आपण इथून उतरून कुठं जाणार, एवढाच प्रश्न तिच्या मनात यायचा आणि त्याला उत्तर सापडायचं नाही.

मग जानेवारीच्या मध्यावर रेडिओवरून बातमी आली की मुंबई महाराष्ट्राला नाही. त्यानंतरचे दिवस गिरणगावात कुणी विसरलं नाही. गिरण्या बंद पडल्या, ट्रामा बंद पडल्या, रस्त्यात दगडांचे आणि पिंपांचे अडसर उभे राहिले. संचारबंदी लागली. गोळीबाराचा आवाज प्रथम लांबून आला, मग जवळून. त्यांच्याच मजल्यावरचा शिवा, रखमाबाईंचा धाकटा, गिरणीत नुकता लागलेला पोरगा, नाक्यावर काय चाललंय ते बघायला म्हणून गेला आणि चौघांच्या खांद्यावरून परत आला. गॅलरीत बायकांचा आक्रोश चालला होता. बकुळा रखमाबाईंना धरून बसली होती, आणि तशी बसलेली असताना तिच्या मनात आलं, स्पर्धा होईल का?

तिची तिलाच लाज वाटली. असला विचार आपल्या डोक्यात आलाच कसा, म्हणून तिनं दातांनी ओठ दाबून धरला. पण विचार गेला नाही.

संचारबंदी उठल्यावर ती रिंकवर गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. सोराबजी शेठ आतल्या खुर्चीत बसला होता. "कॅन्सल, दीकरी," तो म्हणाला. "अभी कौन आयेगा? अगले साल."

"माधवराव आले होते?"

"नहीं आया."

तो आला दीड-दोन महिन्यांनी. मोर्च्यात गेला होता, पोलिसांनी धरून नेलं, काही दिवस तुरुंगात राहून आला होता. दाढी वाढली होती, अंगात खादीचा सदरा होता. बकुळा कठड्याला धरून उभी होती. त्याला बघून तिच्या पायातली चाकं नकळत पुढं सरकली, पण तो बूट घालायला बसला नाही.

"मी सांगायला आलोय," तो म्हणाला. "मी थांबतोय."

"स्पर्धा पुढल्या वर्षी आहे म्हणे. शेठ म्हणाले."

"ती नाही गं. सगळंच. तुरुंगात माझ्या बाजूला एक म्हातारा होता, गिरणीतला. मला म्हणाला, साहेब, तुम्ही काय करता? मी म्हटलं, बँकेत आहे. चाकांवर फिरतो हे माझ्या तोंडातून आलंच नाही. बाहेर माणसं मेली, बकुळ, आणि आपण इथं गाण्यावर गिरक्या घेणार? मला नाही जमणार आता."

"आमच्या मजल्यावरचा शिवा गेला," बकुळा म्हणाली.

माधवनं तिच्याकडे पाहिलं. "मग तुला तर कळायला हवं."

तिला कळत होतं. नेमकं तेच तिला सांगता येत नव्हतं. शिवा गेला त्या दिवसापासून चाळीत जेवण जात नव्हतं, झोप येत नव्हती, आणि दिवसात एकच वेळ अशी होती की छातीवरचं ओझं जरा हलायचं. ती वेळ इथली होती. पण हे बोलायचं कसं? बोललं तर माणुसकी नसल्यासारखं वाटलं असतं.

"तुम्ही म्हणाल तसं," एवढंच ती म्हणाली.

तो गेला. जाताना त्यानं नेहमीच्या सवयीनं हात पुढं केला, आणि मग तो कशासाठी केला हेच न कळून मागं घेतला.

त्यानंतर बकुळा एकटी येऊ लागली. शाळा सुटली की परळहून ट्राम धरायची, गिरगावात उतरायचं, पोरांची गर्दी ओसरली की जमिनीवर उतरायचं. पहिले काही आठवडे तिनं जोडीचाच नाच एकटीनं केला. हात हवेत धरायचे आणि फिरायचं. लहान मुली कठड्यावर हनुवट्या टेकून तिच्याकडे बघायच्या आणि एकमेकींच्या कानात काहीतरी बोलून हसायच्या. एक दिवस शेठनं ग्रामोफोनची सुई उचलली.

"बकुला, एक बात बोल. तू आधा फ्लोर किसके वास्ते छोडती?"

तिनं वळून जमिनीकडे पाहिलं. शंखजिऱ्याच्या पुडीवर चाकांच्या खुणा स्पष्ट उमटल्या होत्या. सगळ्या खुणा एका बाजूला. दुसरी बाजू पांढरी, कोरी. तिथं माधव असायचा.

त्या संध्याकाळी ती पुन्हा उतरली नाही. बूट सोडून बाकावर बसून राहिली. इतकी वर्षं आपण जोडीत नाचलो म्हणजे नक्की काय केलं, याचा विचार करत बसली. आपण त्याच्यावर भार टाकायचो, तो आपल्यावर. यातलं आपलं एकटीचं असं काय होतं?

दुसऱ्या दिवशी तिनं शेठला सांगितलं, "मला आठ शिकवा."

आठ म्हणजे या खेळातली बिनरसाची बाजू. जमिनीवर रंगानं दोन मोठी वर्तुळं काढलेली असायची, एकमेकांना चिकटलेली, आठाच्या आकड्यासारखी. एका पायावर, सावकाश, त्या रेघेवरून फिरायचं. मध्यावर पाय बदलायचा. चाक रेघेबाहेर जाता कामा नये, आणि जोर कुठून आला तेही दिसता कामा नये. गाणं नाही, टाळ्या नाहीत. परीक्षक वाकून फक्त पायाकडे बघतात. जोडीत नाचणाऱ्यांना याची गरज नसते, पण एकटीनं स्पर्धेत उतरायचं तर आधी हे करावं लागतं. पोरं हे दहाव्या-बाराव्या वर्षी शिकतात. बकुळा सव्विसाव्या वर्षी शिकायला लागली.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. चाळीत संयुक्त महाराष्ट्राशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. तिचा भाऊ दगडू गिरणीतून आला की हातपाय धुऊन समितीच्या कचेरीत जायचा. सुंदरावहिनी बायकांना घेऊन मोर्च्यात जायची. बकुळाही दोनदा गेली. त्या गर्दीत घोषणा देताना शिवाचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला होता. ते खरं होतं. आणि दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये बसल्यावर डाव्या पायाच्या वळणाचा विचार तिला पुरून उरत होता, तेही तितकंच खरं होतं. या दोन्ही गोष्टी एका ताटात वाढता येतील असं कुणी तिला भेटलं नाही. शाळेतल्या बाईंना खेळाचं काही कळत नव्हतं. रिंकवरच्यांना लालबागचं काही पडलेलं नव्हतं. ज्याला दोन्हीकडचं कळलं असतं तो एक माणूस होता, आणि त्यानं आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता.

रिंकचं दार वाजलं की तिची मान वळायची. पुढं पुढं वळेनाशी झाली. कधी थांबलं ते तिच्याही लक्षात आलं नाही. शेठनं मात्र एकदा जमिनीकडे बोट दाखवलं आणि तोंडभर हसला. पुडीवरच्या खुणा चारी कोपऱ्यांत गेल्या होत्या.

डिसेंबरात, हवेत जरा गारवा आल्यावर, माधव आला.

लग्न झालं होतं. अंग भरलं होतं, दाढी गेली होती. खादीचा सदराही नव्हता. हातात बुटांची जुनी पिशवी होती.

"कशी आहेस?" त्यानं विचारलं.

"बरी आहे. अभिनंदन. शेठनी सांगितलं मला."

"हं." तो कठड्यावरून हात फिरवत राहिला. "बकुळ, मी तेव्हा फार बोललो. म्हणजे, बोललो ते खोटं नव्हतं. पण चळवळीचं काम असं रोज थोडंच असतं? बँक, घर, बँक. संध्याकाळी काय करायचं कळत नाही. आणि एक सलतं. शेवटची म्हणून ठरवली होती ना आपण? ती झालीच नाही. माझ्या डोक्यात ते गाणं अजून अर्ध्यावरच थांबलंय. यंदा उतरू या. एकदाच. नीट शेवट करू."

बकुळाला वाटलं होतं की हे शब्द कधी ऐकायला मिळाले तर आपण रडू. उन्हाळाभर रात्रंदिवस तिनं याच शब्दांची वाट पाहिली होती. आता ते समोर होते आणि तिचे डोळे कोरडे होते.

"बूट घाला," ती म्हणाली.

शेठनं रेकॉर्ड लावली. पहिली फेरी बरी गेली. माधवला दम लागत होता, पण पाय विसरले नव्हते. दुसऱ्या फेरीत तो जरा हसलादेखील. मग फिरकीची वेळ आली. त्यानं तिचे हात धरले, दोघांनी पाय जवळ आणले आणि त्यानं अंग मागं टाकलं.

बकुळानं टाकलं नाही.

ठरवून नाही. तिनं टाकायचा प्रयत्न केला, पण तिचं अंग आपल्याच पायांवर उभं राहिलं. वर्षभर तिनं अंगाला तेच शिकवलं होतं. माधव भेलकांडला. तिनं त्याचा हात घट्ट धरून त्याला सावरलं, नाहीतर तो कठड्यावर जाऊन आपटला असता. दोघं जमिनीच्या मधोमध थांबली. गाणं चालूच राहिलं.

"सवय गेली आहे," तो धापा टाकत म्हणाला. "महिनाभर केलं की येईल परत."

"येईल," बकुळा म्हणाली. "पण मला नको, माधवराव."

"रागावली आहेस का अजून?"

"नाही." तिनं खरंच स्वतःला चाचपून पाहिलं. राग नव्हता. "तुम्हाला शेवट करायचाय. मला नाही करायचा."

"मग काय, एकटी उतरणार? त्या शाळकरी पोरींबरोबर?"

"हो."

"त्या दहाव्या वर्षापासून आठ काढताहेत, बकुळ. तू हरशील."

"हरेन."

"आणि किती वर्षं करणार असं? तिशी येईल."

"येईल. ती काही केलं तरी येणारच आहे," ती म्हणाली.

माधव बाकावर बसून नाड्या सोडू लागला. त्याच्या एका बुटाची गाठ बसली होती, ती त्याला सुटेना. पूर्वी अशा वेळी ती खाली बसून सोडून द्यायची. आताही ती वाकली, पण तेवढ्यात त्यानं पाय मागं घेतला. "राहू दे," तो म्हणाला, "मी करतो." ती उभी राहिली. गाठ सुटायला बराच वेळ लागला. इतकी वर्षं हात धरून काढली, पण हात सोडल्यावर बोलावं असं त्यांच्यात काहीच जमा झालेलं नव्हतं. जाताना तो म्हणाला, "स्पर्धेला बघायला येईन." ती म्हणाली, "या की."

तो आला नाही. ती शोधत होती असं नाही, पण उंच माणूस गर्दीत चटकन दिसतो, आणि दिसला नाही.

सत्तावन्नच्या जानेवारीत स्पर्धा झाली. एकटीच्या गटात बकुळा सगळ्यांत मोठी. बाकीच्या मुलींच्या आया बाकांवर बसून थर्मासमधून कॉफी ओतत होत्या, बुटांच्या नाड्या आवळून देत होत्या. एकीच्या आईनं बकुळाला विचारलं, "आपकी बच्ची कौनसी है?" बकुळा म्हणाली, "मैं ही हूँ," आणि ती बाई इतकी ओशाळली की बकुळालाच वाईट वाटलं.

आठाची पाळी आली. हॉलमध्ये शांतता पसरली. परीक्षक खुर्च्यांवरून उठून जवळ आले आणि वाकले. बकुळानं डावा पाय रेघेवर ठेवला आणि सोडून दिलं स्वतःला. लाकडी चाकांचा बारीक घरघराट तेवढा ऐकू येत होता. पहिलं वर्तुळ पुरं झालं. मध्यावर पाय बदलताना चाक रेघेबाहेर गेलं, केसभर, पण गेलं. परीक्षकांपैकी एकानं काहीतरी टिपलं. ती पुढं फिरत राहिली. दुसऱ्या वर्तुळात मात्र एक क्षण असा आला की तिला परीक्षक दिसेनात, रेघही दिसेना, नुसतं वळण उरलं, आणि ते वळण दुसऱ्या कुणाचंही नव्हतं. तो क्षण गेला. ती थांबली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आठाला वाजवत नाहीत.

मग गाण्यावरचा नाच झाला. तो चांगला झाला. टाळ्याही पडल्या. पहिली आली ती ग्रँट रोडची एक चौदा वर्षांची पारशी पोर, अंगानं काडी, पायानं पाणी. बकुळा तिसरी आली. तिसऱ्याला काही देत नसत, नुसतं नाव वाचत. नाव वाचणाऱ्यानं 'बकुला पराब' असं वाचलं.

कपाचे फोटो काढून झाले, आया आपापल्या पोरींना शाली गुंडाळून घेऊन गेल्या. हॉल रिकामा झाला. शेठ खुर्च्या एकावर एक रचत होता. बकुळा हातभार लावायला गेली.

"रहने दे," तो म्हणाला. "थक गयी होगी." मग जरा थांबून म्हणाला, "भिवा जिंदा रहता, तो बहुत खूश होता."

"हो," बकुळा म्हणाली. "पण म्हणाला असता, रेघेवरून चाक गेलं."

शेठ हसला, आणि हसता हसता त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं.

ती घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते आणि चाळ सामसूम होती. निवडणूक जवळ आली होती. मैदानावर समितीची मोठी सभा होती आणि अख्खी चाळ तिकडे गेली होती. गॅलरीतून चालताना तिला आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येत होता. लांबून लाउडस्पीकरवरचं भाषण येत होतं, शब्द कळत नव्हते, फक्त मधूनच उसळणारा टाळ्यांचा आवाज समजत होता. तिनं कुलूप काढलं. वहिनीनं भात झाकून ठेवला होता आणि सुक्या बांगड्याचा तुकडा. ती खाली बसून जेवली. आज काय झालं ते कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटत होतं. पण सांगायचं तर आधी आठ म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागणार होती. तिनं ताट घासलं आणि अंथरूण घातलं. भाऊ-वहिनी आली ती सभेच्या वाऱ्यावरच होती. वहिनीचा घसा घोषणा देऊन बसला होता, तरी ती बोलतच होती. बकुळानं सगळं ऐकून घेतलं, विचारायचं ते विचारलं. तिला कुणी काही विचारलं नाही. विसरली होती दोघं बिचारी.

सुंदरावहिनीच्या लक्षात आलं ते तिसऱ्या दिवशी, बकुळा बुटांची पिशवी घेऊन दाराबाहेर पडत होती तेव्हा.

"अगो, तुझा ता स्केटिंगचा झाला ना परवा? काय झाला?"

"तिसरी आले."

"तिसरी? बरा झाला की!" वहिनी तांदूळ निवडत होती, ती पिशवीकडे बघून थांबली. "मग आता खंय चललंस परत? संपला ना तुझा?"

"सरावाला," बकुळा म्हणाली. "उजव्या पायावर येताना चाक बाहेर जातंय माझं."

वहिनीला त्यातलं काही कळलं नाही. "लवकर ये गो," ती म्हणाली आणि पुन्हा सुपाकडे वळली. बकुळा जिना उतरली आणि ट्रामच्या थांब्याकडे चालू लागली.